मोदिएहीची आई कोण?

तेयातेयानेंग, लेसोथो
गुरुवार, २२ ऑगस्ट १९९६

दिसेबो,

पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकू नकोस. कोणी मेलेलं नाही. मेलेल्यांचं तुला कळवायचं काम आपला भाऊ करतो, ते मी त्याच्याकडून काढून घेतलेलं नाही.

कळवायचं ते इतकंच, की आमच्या मयत-मंडळाच्या बायका सहलीला निघाल्या आहेत. हसू नकोस. इतकी वर्षं गावात कोणी गेलं की आम्ही तीन पायांची पातेली उचलून त्या घरी जायचं, मक्याची उकड रांधायची, मेंढरू शिजवायचं, रडणाऱ्यांना जेवू घालायचं आणि पातेली घासून परत यायचं. यंदा शेजारची म्मे मात्सेपो सभेत उभी राहिली आणि म्हणाली, "बायांनो, आपल्या पातेल्यांनी आजवर सुजलेले डोळेच पाहिले. एकदा त्यांना जग दाखवू या." झालं! न्ताते फाकोची मोठी टॅक्सी ठरली. दक्षिण आफ्रिकेतून वर जायचं, नदेबेले बायकांची रंगवलेली घरं बघायची, मग झिंबाब्वेतलं दगडी शहर आणि शेवटी तो मोठा धबधबा.

धबधब्याच्या पलीकडे तुझं लिव्हिंग्स्टन आहे हे मला ठाऊक आहे. बाकीच्यांना ठाऊक नसेल असं मी धरून चालले होते, पण मात्सेपोच्या कानांना कोण झाकण घालणार? भर सभेत म्हणाली, "अगं मामोदिएही, तुझी धाकटी तिथेच दिलीय ना? चहाला नेशील की नाही आम्हाला?" मी म्हटलं, "ती फार कामात असते."

तेव्हा तू कामातच राहा. मी धबधबा बघायला येते आहे, तुला बघायला नाही. आधीच कळवलेलं बरं. म्हणजे तुला घर सारवायला नको आणि मला तोंडभर हसायला नको.

इकडे मालुतीच्या डोंगरांवर अजून बर्फ आहे, पीचच्या झाडांना मात्र फुलं धरली आहेत. तुझे भावजी गेल्यापासून घरात एकटीच असते. एकटीला काय लागतं?

तुझी मुलगी बरी असेल.

मामोदिएही

(हे नाव मला सासूनं दिलं. या घरात पाऊल टाकलं त्या दिवशी, मेंढरू कापून, चार माणसांच्या देखत. तू विसरली असशील म्हणून लिहिलं.)


नदेबेलेंचं गाव, प्रिटोरियाच्या वर
रविवार, २५ ऑगस्ट

दिसेबो,

पहिलं पत्र टपालात टाकलं. हे टाकणार नाही, पिशवीत ठेवते. मग लिहिते कशाला म्हणशील. गाडीत मात्सेपो बोलत असते, आणि तिच्या बोलण्यात सुई शिरेल एवढी फट नसते. कुठेतरी बोलायला हवं ना?

घरं पाहिली. पांढऱ्या भिंतीवर काळ्या जाड रेघा, आणि त्यांच्या मधल्या चौकटींतून निळा, पिवळा, लाल रंग. मला आपली सारवलेली भिंत आठवली, आपण बोटांनी नांगरटीच्या ओळी काढायचो ती. तुझ्या ओळी नेहमी वाकड्या यायच्या आणि शाबासकी मात्र तुला मिळायची, लहान म्हणून.

घरधनीण गोगो न्तोम्बाना, चांगली ताठ म्हातारी. तिनं आतून मण्यांच्या दोन लांब पट्ट्या आणल्या. मुलगा पुरुष व्हायला डोंगरावर जातो, दीक्षा घेऊन परत येतो, त्या दिवशी त्याच्या आईनं त्या डोक्यावरून दोन्ही बाजूंना सोडायच्या, पार जमिनीपर्यंत. गोगो म्हणाली, "हे अश्रू आहेत. या बाजूचे पोर हरवलं म्हणून, आणि या बाजूचे पुरुष घरी आला म्हणून." मग हसून म्हणाली, "या, जी आई असेल तिनं घालून बघा."

रांग लागली गं. पिठाच्या गाडीपुढे लागते तशी. मात्सेपो सगळ्यात पुढे. "आजी, मला सात आहेत. या दोन पट्ट्या पुरायच्या नाहीत, घरात असतील नसतील तेवढ्या काढा." सगळ्या खिदळत होत्या. मी गुपचूप मागे सरले आणि गाडीच्या दाराशी न्ताते फाकोजवळ जाऊन उभी राहिले. तो बिचारा सिगरेट विझवत म्हणाला, "म्मे, इथे उभं राहायचा मान खरं तर गाडीवाल्याचा. पण तुम्ही या, निम्मा तुम्हाला देतो."

तेव्हा मला तुझा राग आला. राग म्हणू नये, खरा शब्द दुसरा आहे आणि तो लिहायला मला ही पिशवीतलीच जागा बरी. हेवा वाटला.

आपल्याकडे मुलाच्या आधी आईचं नाव येतं. सून दारात आली की सांगायचं, आजपासून तू अमक्याची आई. अमका मग सवडीनं येतो. माझ्या सासूला तिच्या आईचं नाव पुढे चालवायचं होतं, मोदिएही. उशीर करणारी. नावच असलं ठेवल्यावर पोरीनं घाई कशाला करावी? सुरुवातीला हा विनोद मीच सांगायची आणि बायका पोट धरून हसायच्या. पुढे पुढे त्या हसेनाशा झाल्या. मग मीही सांगणं सोडलं. नाव मात्र राहिलं. दिवसातून पन्नासदा कोणीतरी हाक मारतं, "मोदिएहीच्या आई!" आणि मी वळते.

आणि मग तुझ्याकडून तो फोटो आला. पाळण्यातलं पोर, आणि मागे एकच ओळ: "औसी, ही मोदिएही."

थोरल्या बहिणीला औसी म्हणायची जीभ कशी वळली गं तुझी? ते नाव माझ्या सासूच्या आईचं. तुझ्या नवऱ्याच्या, मुबिताच्या घराण्याचा त्याच्याशी काय संबंध? सबंध झांबियात दुसरं नाव शिल्लक नव्हतं? 'ही' मोदिएही म्हणे. म्हणजे तुझ्याकडे आली नाही ती बघ, माझ्याकडे आली. मी उत्तर दिलं नाही. मग तूही थांबलीस.

तेव्हापासून एकच गोष्ट माझ्या डोळ्यांपुढे येते. तू तुमच्या बाजारात टोपली घेऊन चालली आहेस आणि कोणी मागून हाक मारतं, "मामोदिएही!" आणि तू वळतेस, भरल्या घराची. नाव एक, बायका दोन. त्यातली पोकळ कोणती हे आंधळ्यालाही कळेल.

पट्ट्या घातलेल्या मात्सेपोचा फोटो काढला सगळ्यांनी. मला म्हणाली, "तू का नाही घातल्यास?" मी म्हटलं, "मान दुखते."

मामोदिएही


दगडी शहराजवळ, मास्विंगो, झिंबाब्वे
बुधवार, २८ ऑगस्ट

दिसेबो,

आधी हसण्याची गोष्ट सांगते, म्हणजे पुढची सांगायला धीर येईल.

सीमेवर साहेबानं गाडीत डोकं घातलं. "ही एवढी पातेली कशाला?" मात्सेपो म्हणाली, "मयतासाठी." त्यानं टोपी काढली, चेहरा पाडला. "कोणाचं?" "अजून ठरलं नाही, साहेब." अगं, तो माणूस आमच्याकडे आणि आम्ही पातेल्यांकडे बघत राहिलो. शेवटी त्यानं शिक्के मारले आणि म्हणाला, "लवकर जा बायांनो, इथे नको."

दगडी शहराच्या भिंती मी हात लावून पाहिल्या. दगडावर दगड, मधे चिखल नाही, चुना नाही, काही नाही. नुसते एकमेकांवर भार टाकून उभे आहेत. न्ताते फाको म्हणाला, "आमच्या मोहल्ल्यातलं घर सिमेंट घालूनही पडतं." बाहेर मऊ दगडाची पाखरं विकायला बायका बसल्या होत्या. एकीनं मला सतरंजीवर बसवलं. "मी माई चिपो. चिपो माझी मोठी. तुम्ही कोणाच्या माई?"

इकडेही तेच बघ. बाईला बाई भेटली की पहिला प्रश्न हाच.

मी म्हटलं, "मोदिएहीची." यात खोटं काय? नावच आहे माझं. पण ती पुढे म्हणाली, "केवढी आहे?" आणि दिसेबो, माझी जीभ सुटली. म्हटलं, चांगली मोठी झाली. लिव्हिंग्स्टनला असते. कपाळ माझ्यासारखं, रुंद. शिकलेली आहे. हाताला कामाची सवय आहे, पण पोटाला वेळेवर खाईल तर शपथ. लग्नाचं काढलं की विषय बदलते. मी तिच्याकडेच चालले आहे. फार दिवसांनी.

माई चिपो म्हणाली, "आजकालच्या मुली सगळ्याच उशीर करतात हो."

तिला बिचारीला नावाचा अर्थ ठाऊक नव्हता. मी हसायला लागले ते थांबेचना, आणि मग हसणं कुठे संपलं नि दुसरं कुठे सुरू झालं ते मलाही कळलं नाही. तिनं मला पाणी दिलं. मग एक पाखरू निवडून हातात ठेवलं. "मुलीकडे रिकाम्या हातानं जाऊ नका." मी ते घेतलं.

उठून वळले तर मागे मात्सेपो. सगळं ऐकलं होतं तिनं. मला वाटलं, आता गाडीभर तमाशा. पण मात्सेपो गप्प! न्ताते फाकोनं तर विचारलं, "म्मेंना ताप आलाय का?" गाडी सुटल्यावर तिनं आपलं कांबळं उलगडून निम्मं माझ्या गुडघ्यांवर टाकलं आणि खिडकीबाहेर बघत बसली.

तू माझं नाव घेतलंस, मी दुपारभर तुझी मुलगी घेतली. फिटंफाट झाली म्हण. पण तसं वाटत नाही. त्या सतरंजीवर बसून जे सुख झालं, ते तुला रोज मिळतं, आणि तू त्याला सुख म्हणतही नसशील. उठ, जेवून घे, उन्हात जाऊ नको, असं ओरडत असशील नुसती. त्या ओरडण्याचासुद्धा हेवा वाटतो मला.

पाखरू पिशवीत आहे. कोणाला द्यायचं ते ठरवलेलं नाही.

मामोदिएही


धबधबा, अलीकडचा काठ
शुक्रवार, ३० ऑगस्ट

दिसेबो,

पाणी दिसायच्या आधी ऐकू आलं. मग झाडांवर पांढरा धूर दिसला आणि मग आम्ही सगळ्या चिंब. मात्सेपोच्या डोक्यावरची शंकूची टोपी उडून खाली गेली. ती वाकून पाण्याला म्हणते, "ठेव तुलाच, तुझं डोकं माझ्याहून मोठं आहे."

पण मला सांगायचं ते दुसरंच. पाटीवर नाव लिहिलं होतं. मोसी-ओआ-तुन्या. आमच्याबरोबर एक वाटाड्या होता, तो गोऱ्या पाहुण्यांना अर्थ समजावत होता आणि आमच्या बायका आधीच माना डोलवत होत्या. मोसी म्हणजे धूर, आणि तो गडगडतो. हे तर आपलंच बोलणं! नदेबेले गावात, दगडी शहरात, प्रत्येक ठिकाणी कोणीतरी समजावून सांगावं लागलं. इथे, घरापासून इतक्या लांब, मी पाटी वाचली आणि मला कळली.

वाटाड्या म्हणाला, फार पूर्वी तुमच्याकडचे लोक गुरं हाकत इथवर आले, राज्य केलं, आणि संपले. नाव तेवढं मागे राहिलं. इथले लोक अजून त्याच नावानं पाण्याला हाक मारतात.

म्हणजे पाणी यांचं आणि नाव आपलं. त्यावरून कोणी भांडत नाही. पाणी कमी होत नाही, नाव झिजत नाही. मी तिथे ओल्या कांबळ्यात उभी राहून त्या नदीचाही हेवा केला. बाईच्या बाबतीत एवढं सोपं का नाही?

उद्या पूल ओलांडून तुमच्या गावात बाजार करायचा, असं ठरलं आहे. मी गाडीत बसणार आहे. मात्सेपोला तसं सांगितलं. ती म्हणाली, "बस की. मी जाते एकटी. तुझी बहीण ती माझी बहीण. दारात उभी राहून सांगते, मामोदिएही आली आहे, पण फार कामात आहे."

मेली! माझंच वाक्य माझ्याच तोंडावर मारलं.

भीती कसली वाटते ते सांगून टाकते, तू हे वाचणार नाहीस म्हणून. मात्सेपो बाजारात विचारेल, "मामोदिएही कुठे राहते?" आणि दहा हात एकदम वर होतील, तुझ्या घराकडे. मी गाडीच्या काचेआड बसलेली असेन. मग ते नाव घेऊन मी परत कशी जाऊ? पुढच्या मयताला मला कोणी हाक मारली, तर कुठल्या तोंडानं वळू?

मामोदिएही


लिव्हिंग्स्टन, शिवणाचं दुकान
शनिवार, ३१ ऑगस्ट

माझी दिसेबो,

पहिलं पत्र तुला अजून पोचलेलं नाही, असं कळलं. बरं झालं. पोचलं तर चुलीत घाल. ही बाकीची तुझ्या हातात पडतील तेव्हा मी तुझ्यापासून फार लांब नसेन.

गाडीत बसणं काही जमलं नाही. मात्सेपोनं बाजाराच्या तोंडाशीच आवाज लावला, "मामोदिएही कुठे राहते?" आणि एकही हात वर झाला नाही. हिला विचारलं, तिला विचारलं. "त्या नावाची बाई इथे नाही." माझ्या मनानं आधी टाळी वाजवली. हो, वाजवली, लपवत नाही. आणि लगेच वाटलं, मग माझी दिसेबो गेली कुठे?

मी गाडीतून उतरले. टोमॅटो विकणारी एक बाई माझ्या कांबळ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्यासारखीच कांबळंवाली हवी होय? म्हणजे लिसेबो!" त्यांच्या जिभेला आपला 'दि' जमत नाही. "अहो लिसेबो म्हणा ना. शेंबडी पोरंसुद्धा तिला लिसेबोच म्हणतात. आम्ही किती सांगितलं, बाई, तुला मुलगी आहे, तिच्या नावानं हाक मारू दे, म्हातारी झालीस. तर म्हणते, ते नाव माझं नाही, ते गावी दिलेलं आहे. ओच देत नाही! जरा इथे..." म्हणून तिनं कपाळाजवळ बोट फिरवलं.

मात्सेपो कंबरेवर हात ठेवून पुढे झाली. "ए टोमॅटो, आमच्या बहिणीच्या डोक्याचा हिशेब आम्ही बघू. मुलगी कुठे आहे ते सांग."

मुलगी समोरच होती. मशीनवर वाकलेली. मान वर केली, कांबळं पाहिलं आणि कात्री हातात तशीच धरून उभी राहिली. "मोठी आई?"

दिसेबो, रस्ताभर मी मनात भाषण जुळवत आले होते. त्यातलं एक अक्षर आठवेना. तोंडातून निघालं ते एवढंच, "फार उशीर केलास गं."

ती म्हणाली, "नावच तसं ठेवलंय तुम्ही."

तुम्ही म्हणाली. आईनं ठेवलं म्हणाली नाही, तुम्ही ठेवलं म्हणाली.

मग मला खुर्चीवर बसवून तिनं सगळं सांगितलं. शाळेत मास्तर आईचं नाव विचारायचे आणि ही विचारायची, कुठल्या आईचं, आणि छडी खायची. मुबिताच्या आईला वाटायचं, सुनेला आमच्या घरची आई म्हणवून घ्यायची लाज वाटते. मरेपर्यंत ती तुझ्याशी धड बोलली नाही. आणि तू प्रत्येकाला एकच सांगायचीस, "मोदिएहीची आई लेसोथोत असते. मी नुसती वाढवते आहे." सगळ्या बायका मुलांच्या नावानं मोठ्या झाल्या आणि माझी धाकटी पांढऱ्या केसांनी अजून पोरीसारखी नुसत्या नावानं हाका खाते आहे.

"औसी, ही मोदिएही." तू मला वाकुल्या दाखवते आहेस असं मी समजत राहिले. तू माझ्या ओटीत पोर घालत होतीस, आणि मी फोटो पिठाच्या डब्यामागे टाकला.

आणि आता खरं सांगू? हे सगळं ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण आधी काय झालं असेल? हेवाच वाटला! म्हटलं, यातही ही पुढे! मी नुसता राग राखत बसले आणि हिनं माझी जागा राखली. वाकड्या ओळी काढून शाबासकी घेणारी ती हीच. मोठेपण तरी मला ठेवायचं होतंस गं थोडं.

तर तेच घ्यायला आले आहे. पाखरू तिला दिलं, तिनं ते मशीनवर ठेवलं आहे. कपाळ मात्र माझ्यासारखं नाही. फोटोत तसं वाटलं होतं. कपाळ तुझं आहे, तेवढं तुझ्याकडे राहू दे. बाकी नाव दोघींचं. पाण्याचं चालतं, तर आपलं का चालू नये?

मोदिएही ही पत्रं घेऊन पुढे येते आहे. मागोमाग आमचं मंडळ. मात्सेपोनं पातेली उतरवली आहेत, रात्रीचं जेवण तुझ्या अंगणात रांधायचं म्हणते. रस्त्यावर लोक विचारतायत, कोण गेलं हो? ती ठणकावून सांगते आहे, "कोणी गेलं नाही. आमच्या एका बाईला मुलगी झाली आहे."

तू वाचून संपवेपर्यंत मी कुंपणाबाहेर उभी राहीन. मग हाक मारीन, "मामोदिएही!"

या वेळी ओ दे.

तुझी औसी